भुरीच्या राखणीतलं कोकरू

दाजींच्या पँटचा पाय भुरीच्या तोंडात होता आणि दाजी एका पायावर उभे होते. त्यांच्या कडेवरची बनू मात्र खिदळत होती.

"वैनी, धरा की हिला! फाडंल ती!"

"बनूला खाली ठेवा, दाजी," मी म्हणाले. "ती खाली उतरली की सोडंल."

दाजींनी बनूला खाली ठेवलं. भुरीनं लगेच पँट सोडली. बनूच्या खांद्याला नाक लावून तिला ढकलत ढकलत कोकरांच्या वाघरीपाशी नेलं आणि तिच्यापुढं आडवी पडली. वाघर म्हणजे मेंढरांभोवती रोवायची दोरीची जाळी. बनू जाळीला टेकून बसली, भुरीचा कान हातात धरला आणि दाजींकडं बघून जीभ काढली.

"बघा, बघा," दाजी म्हणाले. "कारखान्याच्या गेटवर मी दांडकं घेऊन उभा असतो, आख्खे ट्रक थांबवतो. आन् हितं मला एक कुत्री थांबवती."

सुभद्रावन्सं हसल्या नाहीत. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, दाजींची बायको. कांद्याच्या मोकळ्या रानात, आमच्या बिऱ्हाडापासून जरा लांब, मोटारसायकलीपाशी त्या उभ्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत नवा फ्रॉक. त्या बनूला न्यायला आल्या होत्या. नुसतं चार दिवस राहायला नव्हे, कायमची.

आणि त्यांना मीच बोलावणं धाडलं होतं.

आम्ही मेंढरांमागं फिरणारी माणसं. पावसाळा संपला की माणदेशातलं घर बंद करायचं, सामान घोड्यावर लादायचं आणि खाली नदीकाठच्या रानांकडं निघायचं. आज याच्या रानात, उद्या त्याच्या. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, आम्हाला चारा. पुरुष सकाळी कळप घेऊन जातात. मागं राहतात बाया, लेकरं, कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. ते सगळं घोड्यावर घालून पुढच्या रानात न्यायचं, चुली मांडायच्या, वाघर रोवायची, पाणी आणायचं. दुसऱ्या दिवशी तेच सगळं परत मोडायचं. लग्न होऊन आले तेव्हा मला याचं काही वाटत नव्हतं. पण त्या साली मी फार दमले होते. झोपून उठलं तरी दमलेलीच असायची.

बनूच्या आधी मला एक मुलगा होता. सिदा. चालायला शिकला होता, कोकरांची शेपटं धरून पळायचा. एका हिवाळ्यात खोकला धरला आणि वाटेवरच गेला. कुणाच्या तरी बांधाला, बाभळीखाली त्याला ठेवला. पुढच्या साली त्याच वाटेनं आलो तर बांध नव्हता, बाभळही नव्हती. ट्रॅक्टर फिरवून सगळं रान एक केलेलं. मी त्या नांगरटीत नुसती फिरत राहिले. शेवटी नवरा म्हणाला, "चल, घोडी फुडं गेली."

आणि या हिवाळ्यात बनू खोकायला लागली होती. अगदी तसाच खोकला. वन्संना मूल नव्हतं. कारखान्याच्या वसाहतीत त्यांना पक्की खोली होती, खोलीला दार होतं, जवळ दवाखाना होता. मी निरोप धाडला, "बनूला घेऊन जावा." नवऱ्याला विचारलं तेव्हा तो काठी तासत बसला होता. तासता तासता म्हणाला, "तुला पटतंय तर दे." वन्सं यायच्या दिवशी तो रोजच्यापेक्षा लवकर कळप घेऊन गेला. जाताना बनूच्या झिपऱ्या ओढल्या, म्हणाला, "काय गं, मोटारीत बसनार व्हय? मला बी ने की." आणि मागं न बघता चालायला लागला.

मीही माझी सोय करून ठेवली होती. वन्सं आल्या की मी घागर घेऊन विहिरीवर जायचं. परत येईन तोवर बनू गेलेली असायची. तसं आमच्यात ठरलं होतं. त्याप्रमाणे मी गेलेही. परत आले तर दाजी एका पायावर उभे.

भुरीचं काय करायचं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"वैनी, तुम्ही पुन्यांदा जावा पान्याला," दाजी म्हणाले. "ती तुमच्या मागनं ईल. तवर आमी निघतू."

मी गेले. भुरी आली नाही. मागून दाजींची आरोळी तेवढी आली. परतले तेव्हा घागर डचमळून माझं अर्धं लुगडं भिजलं होतं, आणि दाजी आपल्या मनगटाकडं बघत होते.

"चावली?"

"चावली न्हाय. नुसतं धरलं. पर काय धरलं, वैनी! हवालदार सुदिक आसं धरत न्हाय."

मग भुरीला बांधून बघितलं. घोड्याच्या मेखेला दावं बांधलं. तिनं जमीन उकरली, मेख हलवली आणि मेखेसकट आली. वन्संनी भाकरीचा तुकडा पुढं केला. भुरीनं तोंड फिरवलं. परक्या हातचं ती खात नसे. मी तिसऱ्यांदा घागर उचलली, पण पाणी ओतायला एक भांडं रिकामं उरलं नव्हतं. तशीच घागर हातात घेऊन उभी राहिले.

आत्या, म्हणजे माझी सासू, इतका वेळ चुलीपाशी बसून चातीवर लोकर कातत होत्या. आता चाती थांबवून म्हणाल्या, "बांधून काय व्हनार हाय? काय करायचं ते तुला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. दाजींची पँट भुरीच्या तोंडात बघितली तेव्हाच मला ते कळलं होतं.

आमच्यात रीत आहे. कोकरू जन्मलं की बिऱ्हाडातली बाई ते उचलून राखणीच्या कुत्र्याच्या नाकापुढं धरते आणि म्हणते, "हुंग." कुत्रं हुंगतं, एकदा चाटतं. तिथून पुढं ते कोकरू त्याच्या राखणीत आलं. लांडगा येवो, चोर येवो, नाहीतर घरातलंच कुणी उगाच उचलो, कुत्रं आडवं येणार. आणि कोकरू कुणाला द्यायचं झालं तर त्याचीही रीत आहे. बिऱ्हाडातल्या बाईनंच ते आपल्या हातानं उचलायचं, घेणाऱ्याच्या हातात ठेवायचं आणि कुत्र्याला सांगायचं, "दिलं." कुत्रं घेणाऱ्याचा हात हुंगतं आणि बाजूला होतं. त्यानंतर ते कोकरू त्याच्यासमोर ओरडत गेलं तरी मान वर करत नाही. एकदा एका व्यापाऱ्यानं घाईनं आपणच कोकरू उचललं होतं. भुरीनं त्याला त्याच्या टेम्पोपर्यंत पोचवलं. त्याची एक चप्पल मग कितीतरी दिवस आमच्या कोंबड्यांना अंडी घालायला उपयोगी पडली.

बनू जन्मली ती वाटेवर, कालव्याच्या कडेला. मला दूध उतरलं नाही. आत्यांनी तिला मेंढीच्या दुधाचं बोट चाटवलं आणि ऊब मिळावी म्हणून घोंगडीत गुंडाळून कोकरांतच निजवलं. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिला उचलून भुरीच्या नाकापुढं धरलं. "हुंग गं भुरे. ह्ये बी आपलंच." मला हसू आलं होतं. पोटात कळा असतानाही हसले होते. भुरीनं हुंगलं, चाटलं.

तेव्हापासून पाण्याला जायचं असो की सरपणाला, मी बनूला वाघरीत ठेवायची आणि बिनघोर जायची. बनू काही कोकरू नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. भुरीला ते कुणी सांगितलं नव्हतं.

"आत्या, तुम्हीच द्या की," मी म्हणाले. "तुम्हीच हुंगवली होती."

"म्या हुंगवली. पर ती तुझी हाय." आत्यांनी चाती परत फिरवायला घेतली. "म्या दिली तर कुत्री ऐकंल गं. तुझं काय?"

मी घागर खाली ठेवली. बनूला वाघरीतून बाहेर बोलावलं. तोंड पुसलं, केसांतली लोकर काढली. वन्संनी पिशवीतून फ्रॉक काढून दिला. पिवळा होता, खाली झालर. बनूनं फ्रॉक घालून एक गिरकी घेतली. भुरीनं झालर हुंगली आणि फटकन शिंकली. बनू परत खिदळायला लागली, हसता हसता खोकायला लागली. तो खोकला ऐकला आणि मी मन घट्ट केलं. म्हटलं, हे लेकरू जगायला पाहिजे, बाकी काही नको.

मी तिला उचललं. भुरी उभी राहिली. ती बनूकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती.

वन्सं पुढं आल्या. मी बनूला त्यांच्या हातांवर ठेवलं. त्यांनी तिला छातीशी आवळून धरलं नाही. हातांवर जरा लांबच धरली, ओल्या कपड्यासारखी. मला वाटलं, सवय नाही बिचारीला, शिकेल हळूहळू.

"सांग तिला," आत्या म्हणाल्या.

"दिली," मी म्हणाले.

भुरीनं वन्संचा हात हुंगला. बनूचा लोंबणारा पाय एकदा हुंगला. मग वळली, कोकरांपाशी गेली आणि आमच्याकडं पाठ करून पडली.

"भुरे!" बनूनं हाक मारली.

भुरीचा कानसुद्धा हलला नाही.

"भुरे! ए भुरे!" बनू माझ्याकडं वळली. "आई, भुरी बघंना."

मी तिला वन्संकडं दिली तेव्हा ती रडली नव्हती. भुरीनं पाठ केली तेव्हा रडायला लागली. तिला त्या पाठीवरून सगळं कळलं.

दाजींनी मोटारसायकल सुरू केली. वन्सं मागं बसल्या. बनू दोघांच्या मध्ये होती, दाजींच्या पाठीवर गाल दाबलेला, आणि "भुरे, भुरे" चाललेलं. मी भुरीकडं बघितलं. ती डोळे मिटून पडली होती. एक कोकरू तिच्या पोटावर चढलं होतं. तिच्या राखणीतलं एक कमी झालं होतं, आणि तिला त्याचं काहीच नव्हतं. दिलं म्हणजे दिलं. किती सुटसुटीत होतं तिचं. मला त्या सुटसुटीतपणाची भीती वाटली. मी इतकी दमले होते की उद्यापासून एक पोर कमी सांभाळायचं, हे माझ्याही मनात सकाळपासून दोनदा येऊन गेलं होतं. बनूला वाचवण्यासाठी देते म्हणत होते, आणि ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

मी धावले आणि मोटारसायकलीचं हँडल धरलं.

"वन्सं, उतरा."

दाजींनी गाडी बंद केली. "आता काय राहिलं?"

वन्सं उतरल्या. बनूला उचलून माझ्याकडं दिली. देताना त्यांना तिला सोडवून घ्यावं लागलं नाही, इतकी ती त्यांच्या हातात मोकळी होती.

"मला वाटलंच हुतं," त्या म्हणाल्या. "परत परत घागर उचलाय लागलीस तवाच."

"वन्सं, माझं चुकलं. मीच बोलावलं आणि मीच—"

"ऱ्हाऊ दे." त्यांनी रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली. मी बनूचा फ्रॉक काढायला लागले तर त्यांनी माझा हात धरला. "आसू दे तिच्या अंगावर. म्या त्येचं काय करू?"

दाजी काहीतरी गमतीचं बोलणार होते. बायकोच्या तोंडाकडं बघून त्यांनी नुसती गाडीला किक मारली. धूळ बसेपर्यंत मी तिथंच उभी होते. वन्संच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं मागं पडला होता आणि त्यांनी तो सावरला नाही.

बनू माझ्या कडेवरून उतरून वाघरीकडं पळाली. जाळीपाशी पोचते तोच भुरी उठली आणि गुरगुरली. दात दाखवून गुरगुरली. बनू जागीच थिजली. जन्मल्यापासून तिनं असं कधी बघितलं नव्हतं.

"आत्या! हिला झालंय काय?"

"काय व्हतंय? दिलेलं परत आलं की ते नवंच आसतंय," आत्या म्हणाल्या. "धर तिच्या फुडं."

मी बनूला उचललं आणि भुरीच्या नाकापुढं धरलं. "हुंग," मी म्हणाले. भुरीनं माझ्याकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. कुत्रं दमलेलं कसं दिसतं ते मला त्या दिवशी दिसलं. मग तिनं बनूला हुंगलं, पिवळी झालर हुंगली, पुन्हा शिंकली, आणि गालावरून एकदा जीभ फिरवली.

मी तिथंच मातीत बसले आणि रडले. आत्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "घोडी लादायची हायत."

मी उठले. भांडी आवरली, वाघर गुंडाळली, कोकरं आणि कोंबड्या घोड्यावर चढवल्या, आणि त्यांच्या मध्ये पिवळ्या फ्रॉकातली बनू. दिवस मावळायला नवरा कळप घेऊन नव्या रानात आला. बनू चुलीपाशी बसलेली दिसली तसा दारात पाहुणा बघावा तसा थबकला. आपल्या खांद्यावरचं घोंगडं काढलं आणि तिच्याभोवती लपेटलं. मग मला म्हणाला, "फ्रॉक झ्याक हाय." त्या हिवाळ्यात बनू फार खोकली. मी तिला पाठीवर बांधून तालुक्याच्या डॉक्टरकडं नेत राहिले, बिऱ्हाड पुढं जायचं आणि मी मागून गाठायची. ती जगली.

पण शाळा तिनं पाहिली ती रस्त्यावरून. मेंढरं वळायला शिकली, वाघर रोवायला शिकली, आणि वयात आल्यावर आमच्यासारख्याच फिरत्या बिऱ्हाडात दिली. आत्या गेल्या, भुरी गेली. वन्संही गेल्या, त्या पक्क्या खोलीत. माझे गुडघे गेले तेव्हा आम्ही मेंढरं पुतण्यांना दिली आणि गावात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहिलो. आता माझ्या घराला दार आहे. परसाला लागून शाळेची भिंत आहे, मधल्या सुट्टीत पोरांचा कालवा ऐकू येतो.

गेल्या दिवाळीनंतर बनू दारात आली. तिचं बिऱ्हाड गावाबाहेरून चाललं होतं. कडेवर तिची रेणू, शाळेत बसवायच्या वयाची, खरं तर कडेवर घ्यायच्या वयाची नव्हे. मागं एक काळं दांडगं कुत्रं. मला निरोप आधी आला होता. रेणू शाळेसाठी आमच्याकडं राहणार होती.

"ये गं माझ्या बाये," म्हणत मी हात पुढं केले. कुत्रं मध्ये आलं आणि गुरगुरलं.

मी हात मागं घेतले. बनूनं माझ्याकडं बघितलं. लहानपणची ती गोष्ट तिला आठवते की नाही, मी कधी विचारलं नव्हतं.

"ही पन हुंगवलेली हाय," ती म्हणाली. "थांब. रीतीनं देती."

"बनू, नीट इचार केलास न्हवं?"

"केला."

"माझ्यानं झालं न्हवतं."

"म्हाईत हाय मला." तिच्या बोलण्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. सकाळपासून चालत आली होती, पाय धुळीनं भरले होते. "मला जमवाय पायजे, आई."

तिनं रेणूला माझ्या हातांवर ठेवलं. तिचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला. कुत्र्याकडं वळून म्हणाली, "दिली." आवाज हलला नाही. कुत्र्यानं माझा हात हुंगला, रेणूचा पाय हुंगला आणि वळून चालायला लागलं.

"च्या तरी घे," मी म्हणाले.

"नगं. घोडी फुडं गेली."

ती कुत्र्याच्या मागं निघाली. ती वळेल म्हणून मी उंबऱ्यात उभी राहिले. ओढ्यापर्यंत वळेल, ओढा उतरताना वळेल. रेणू माझ्या हातांवर होती, तिच्या केसांना लोकरीचा वास येत होता. मी तिला आवळून धरली नव्हती. जरा लांबच धरली होती, कुणी धावत आलं आणि परत मागितली तर पटकन देता यावी म्हणून. आणि तशी धरून उभी असताना मला सुभद्रावन्संचे हात आठवले.

बनू ओढा चढून पलीकडं गेली. घोडी दिसेनाशी झाली, कुत्रं दिसेनासं झालं. तेव्हा मी रेणूला छातीशी धरलं.